डोळ्यातील जाळी थकते तेव्हा...

साठी उलटलेले एखादे गृहस्थ चष्म्याचा नंबर बदलून घ्यावा म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे जातात. वाचताना अक्षरे पुसट दिसतात, मोतीबिंदू आला असेल तर तोही एकदा पाहून घ्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. तपासणी संपल्यावर डॉक्टर सांगतात की मोतीबिंदू किरकोळ आहे, पण काचबिंदू झालेला आहे आणि एका डोळ्याची बरीचशी नजर केव्हाच गेली आहे. त्यावर बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘पण डोळा तर कधी दुखला नाही!’ शहरांतील नेत्ररुग्णालयांत हा प्रसंग इतका नेहमीचा झाला आहे की डॉक्टरांना त्याचे नवल वाटेनासे झाले आहे.

मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन शब्दांतील साम्याने मराठी माणसाचे बरेच नुकसान केले आहे. मोतीबिंदू हा डोळ्यातील भिंगाचा विकार. भिंग गढूळ होते, शस्त्रक्रिया करून ते बदलले की गेलेली नजर परत येते. ‘पिकू द्या, मग काढू’ असे म्हणून मोतीबिंदूच्या बाबतीत काही महिने थांबले तरी सहसा बिघडत नाही. काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता मरत जाते आणि मेलेल्या चेतेला पुन्हा जिवंत करण्याचा उपाय आजच्या वैद्यकाकडे नाही. दृष्टिचेतेच्या या मरणाची सुरुवात अनेकदा डोळ्याच्या अगदी वेगळ्या कोपऱ्यात होते. डोळ्याच्या पुढच्या भागात, काळ्या बुबुळाच्या कडेने गोलाकार बसलेली एक जाळी आहे. तिची रुंदी एक मिलिमीटरही भरत नाही. वैद्यकीय परिभाषेत तिला ट्रॅबेक्युलर मेशवर्क म्हणतात. वयानुसार केस पिकतात, गुडघे कुरकुरतात, तशी ही जाळीही म्हातारी होते. फरक इतकाच की तिचे म्हातारपण आरशात दिसत नाही.

पाणी येते कोठून, जाते कोठे?

डोळ्याचा गोल आकार टिकून राहतो तो आतील द्रवाच्या दाबामुळे. पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे पारपटलाच्या मागे आणि भिंगाच्या पुढे जी पोकळी असते, ती एका स्वच्छ द्रवाने भरलेली असते. त्याला ॲक्वस ह्यूमर म्हणतात. मराठीत सोयीसाठी नेत्रजल म्हणता येईल. अश्रूंशी या पाण्याचा काहीही संबंध नाही. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात, नेत्रजल आतल्या आत खेळते. पारपटल आणि भिंग हे दोन्ही भाग पारदर्शक राहायला हवेत म्हणून निसर्गाने त्यांत रक्तवाहिन्या ठेवलेल्या नाहीत. रक्ताचे पोषणाचे आणि टाकाऊ द्रव्ये वाहून नेण्याचे काम तेथे हे नेत्रजलच करते.

परितारिकेच्या, म्हणजे डोळ्याच्या रंगीत पडद्याच्या मागे सिलियरी बॉडी नावाचा भाग आहे. तेथे हे पाणी रक्तापासून सतत तयार होत असते. वेग मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर. तेथून ते बाहुलीच्या छिद्रातून पुढच्या पोकळीत येते. ही पोकळी तरुण माणसात अवघ्या पाव मिलिलिटरची, म्हणजे औषधाच्या पाचेक थेंबांएवढी असते. त्यामुळे साधारण पावणेदोन तासांत तेथील सगळे पाणी बदलून जाते. रात्री झोपेत निर्मिती जवळपास निम्म्यावर येते. चोवीस तासांचा हिशेब केला तर एका डोळ्यात चहाचा चमचाही भरणार नाही एवढे पाणी तयार होते. एवढेच, पण ते जितके येते तितकेच बाहेर पडायला हवे, कारण डोळा काही फुग्यासारखा फुगू शकत नाही.

बाहेर पडण्याच्या वाटा दोन. थोडे पाणी सिलियरी स्नायूच्या तंतूंमधून झिरपत मागे निघून जाते. बाकीचे पारपटल आणि परितारिका जेथे मिळतात त्या कोनात येते, तेथील जाळीतून गाळले जाते आणि जाळीमागच्या एका गोल नळीत उतरते. बर्लिनमध्ये काम करणारे शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रिडरिश श्लेम यांनी १८३० मध्ये या नळीचे वर्णन केले, म्हणून तिला श्लेमची नळी असे नाव पडले. नळीला पुढे पंचवीस-तीस बारीक फाटे फुटतात आणि ते डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील शिरांना जाऊन मिळतात. नेत्रजल खरोखरच तेथपर्यंत पोचते याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी मिळाला. कार्ल ॲशर यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले की जिवंत माणसाच्या डोळ्यावर काही शिरा रक्ताच्या नसून पाण्याच्या असतात, आणि कोठे कोठे लाल व स्वच्छ असे दोन प्रवाह एकाच शिरेत शेजारी शेजारी वाहताना दिसतात.

जाळीतून पाणी सहज वाहून गेले असते तर डोळ्यात दाबच राहिला नसता. थोडा अडथळा आवश्यक आहे. तो अडथळा नेमका कोठे असतो, याचा शोध बोस्टनचे डॉ. मॉर्टन ग्रँट यांनी घेतला. मृत व्यक्तींच्या डोळ्यांत ठरावीक दाबाने द्रव सोडायचा, मग जाळी चिरायची आणि प्रवाह किती वाढतो ते मोजायचे, असा त्यांचा प्रयोग होता. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनुसार पाण्याच्या वाटेतील सुमारे तीन चतुर्थांश अडथळा एकट्या जाळीच्या प्रदेशात असतो. त्यातही श्लेमच्या नळीला अगदी लागून असलेला, काही मायक्रॉन जाडीचा शेवटचा थर महत्त्वाचा, असे नंतरच्या संशोधनातून स्पष्ट होत गेले. निरोगी डोळ्यातील दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर या मर्यादेत राहतो, तो या थराच्या कृपेने.

झाडणारेच कमी होतात

नेत्रतज्ज्ञ रुग्णांना समजावताना मोरीच्या जाळीची उपमा देतात. जाळीत केर अडकतो, मोरी तुंबते, पाणी साचते. दरवर्षी पावसाळ्यात तुंबलेली गटारे पाहणाऱ्या मुंबईकराला हे लगेच पटते. उपमा सोयीची आहे, पण ती अर्धीच खरी आहे. मोरीची जाळी निर्जीव असते. डोळ्यातील जाळी जिवंत आहे. कोलॅजनच्या बारीक दांड्यांचे एकावर एक थर आणि त्या प्रत्येक दांडीवर अंथरलेल्या सपाट पेशी, अशी तिची रचना असते. नेत्रजलाबरोबर येणारे रंगद्रव्याचे कण, मेलेल्या पेशींचे तुकडे, प्रथिनांचा गाळ हे सारे या पेशी गिळून टाकतात. दांड्यांभोवतीचे द्रव्य जुने झाले की ते विरघळवून नवे घालण्याचे कामही त्यांचेच. दाब वाढला की त्या ताण ओळखतात आणि आपली बैठक सैल करून पाण्याला वाट देतात. थोडक्यात, जाळी स्वतःच स्वतःला झाडत असते.

वय वाढते तसे हे झाडणारेच कमी होऊ लागतात. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. होर्हे अल्वाराडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये वेगवेगळ्या वयांच्या डोळ्यांतील जाळीच्या पेशी मोजल्या. वयाबरोबर त्यांची संख्या अखंड घटत जाते, असे त्यांना दिसले. १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या अशाच मोजणीचा निष्कर्ष असा होता की विसाव्या वर्षी एका डोळ्याच्या जाळीत साडेसात लाखांच्या आसपास पेशी असतात, तर ऐंशीव्या वर्षी त्या चार लाखांच्या घरात येतात. म्हणजे जवळपास निम्म्या. या पेशी प्रौढ वयात क्वचितच विभागतात, त्यामुळे गेलेल्या पेशीची जागा सहसा रिकामीच राहते. भरपूर कचरा गिळलेल्या पेशी दांडीवरून सुटून प्रवाहाबरोबर निघून जातात, असेही प्रयोगांत आढळले आहे. आयुष्यभर साफसफाई करायची आणि त्याच कामात संपायचे, असा हा मामला आहे.

पेशी का मरतात, याचे एक कारण प्रकाश आणि प्राणवायू यांच्या सान्निध्यात दडले आहे. डोळा हा सतत उजेडात उघडा असलेला अवयव. त्यात रासायनिकदृष्ट्या अत्यंत क्रियाशील असे ऑक्सिजनचे अणुसमूह तयार होतात आणि पेशींच्या डीएनएवर घाव घालतात. नेत्रजलात क जीवनसत्त्वाचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी अधिक असते, ते बहुधा याच हल्ल्याला तोंड देण्यासाठी. जाळीच्या पेशी मात्र या घावांना डोळ्याच्या पुढच्या भागातील इतर ऊतींपेक्षा अधिक हळव्या असल्याचे दिसून आले आहे. शिवाय काही पेशी मरत नाहीत, पण कामही करीत नाहीत. त्या नुसत्या बसून राहतात आणि शेजारच्या पेशींना त्रासदायक ठरणारी रसायने सोडत राहतात. काचबिंदूच्या रुग्णांच्या जाळीत अशा थकलेल्या पेशींचे प्रमाण बरेच जास्त आढळते.

राखणदार घटले की घराची रया जाते, तसे जाळीचे होते. उघड्या पडलेल्या दांड्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात, त्यांच्यामधल्या फटी बुजतात. जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठात योहान्नेस रोहेन आणि एल्के ल्युत्येन-ड्रेकोल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हजारो छेद पाहून या बदलांचा नकाशाच तयार केला. नळीलगतच्या थरात तंतूंच्या आवरणापासून बनलेले गाळाचे पुंजके वयाबरोबर साचत जातात, हे त्यांनी दाखवले. पाणी धरून ठेवणारे हायल्युरोनिक आम्ल कमी होते, प्रथिनांचे चिवट धागे वाढतात. श्लेमची नळीही अरुंद होऊ लागते आणि तिच्या भिंतीतील सूक्ष्म छिद्रांची संख्या घटते. एकेकाळी स्पंजासारखी दबणारी आणि फुगणारी जाळी ताठर बनते. ताठर जाळीवरच्या पेशींना दाबातील चढउतार नीट कळत नाहीत, न कळल्यामुळे त्या वाट मोकळी करीत नाहीत, आणि त्यातून ताठरपणा आणखी वाढतो. या दुष्टचक्रात आधी पेशी बिघडतात की आधी जाळी ताठरते, हा संशोधकांमधला जुना वाद आहे.

मग सगळ्यांनाच काचबिंदू का होत नाही?

हा प्रश्न कोणाही चाणाक्ष वाचकाच्या मनात येईल. जाळी प्रत्येकाची म्हातारी होते, तर ऐंशीव्या वर्षी प्रत्येकाच्या डोळ्याचा दाब चढलेला असायला हवा. तसे होत नाही. जपानमधील मोठ्या पाहण्यांत तर वयानुसार दाब किंचित उतरल्याचे दिसले, पाश्चात्त्य देशांत तो किंचित चढल्याचे. याचे उत्तर नळाकडे पाहिल्यावर मिळते. मोरी अरुंद होते, तसा नळही मंदावतो. वयाच्या दर दशकाला नेत्रजलाची निर्मिती दोन-अडीच टक्क्यांनी घटते. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात कॅरोल टॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये विशीतील तरुणांची साठीपुढील निरोगी व्यक्तींशी तुलना केली. ज्येष्ठांमध्ये पाण्याची निर्मिती कमी होती, स्नायूतून झिरपण्याची दुसरी वाटही आक्रसली होती, पण दाब मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखा भरला. आवक आणि जावक दोन्ही घटवून डोळा आपला ताळेबंद जुळवून घेतो. निवृत्तीनंतर मिळकत कमी झाल्यावर काटकसरीने संसार चालवणाऱ्या घरासारखेच हे आहे.

काचबिंदू होतो तो हा ताळेबंद जेथे जुळत नाही तेथे. अल्वाराडो यांच्या १९८४ च्या अभ्यासात काचबिंदूच्या रुग्णांची जाळी त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या जाळीपेक्षा अधिक विरळ आढळली. म्हणजे आजारी जाळी ही निराळी काही चीज नसून, मालकापेक्षा वयाने पुढे गेलेली जाळी आहे, असे म्हणायला जागा आहे. काहींच्या बाबतीत यामागे अनुवंश असतो. १९९७ मध्ये मायोसिलीन नावाचे जनुक सापडले. त्यात दोष असला की जाळीच्या पेशीत तयार होणारे प्रथिन नीट घडी न पडल्यामुळे आतच अडकून बसते आणि पेशी गुदमरते. असे रुग्ण थोडे, पण त्यांच्यात आजार तरुण वयातच उभा राहू शकतो. बहुतेकांच्या बाबतीत मात्र एक जनुक नव्हे, अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार असतो. सख्ख्या भावंडांत किंवा आईवडिलांत कोणाला काचबिंदू असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो, तो यामुळेच.

येथे आणखी एक गुंता सांगितला पाहिजे. दाब २१ च्या आत असला म्हणजे डोळा सुरक्षित, असा समज डॉक्टरांमध्येही पूर्वी होता. तो आता टिकलेला नाही. नागपूरजवळच्या आठ खेड्यांतील तिशीपुढच्या ४,७११ व्यक्तींची २००६ ते २००८ या काळात तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांचा सरासरी दाब १४ च्या आतच भरला. अशा समाजात २० हा आकडाही नेहमीपेक्षा चढाच म्हणायचा. दक्षिण भारतातील पाहण्यांत काचबिंदू झालेल्या अनेकांचा दाब तपासणीच्या वेळी २१ हून कमी होता. ज्याची दृष्टिचेता मुळात नाजूक, त्याला १८ देखील जाच करतो; ज्याची दणकट, तो २५ पचवतो. ‘माझे प्रेशर नॉर्मल आहे’ एवढ्यावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे. त्याबरोबर दृष्टिचेतेचे टोक आणि नजरेचा परिघ तपासावाच लागतो.

दाब वाढतो जाळीपाशी आणि चेपली जाते ती डोळ्याच्या मागच्या बाजूची दृष्टिचेता. दहा-बारा लाख तंतूंची ही जुडी डोळ्यातून बाहेर पडते तेथे तिला आधार देणारा पडदा दाबाने मागे ढकलला जातो, तंतू पिचतात आणि एकेक करून मरतात. आधी नजरेचा परिघ जातो. समोरचे वर्तमानपत्र व्यवस्थित वाचता येते, पण बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही, जिन्याची पायरी चुकते. एका डोळ्याचे उणे दुसरा डोळा भरून काढतो, उरलेली जागा मेंदू अंदाजाने रंगवतो. नजरेच्या नेहमीच्या तपासणीत दोष उमटेपर्यंत चौथा ते तिसरा हिस्सा चेतापेशी मेलेल्या असतात. ‘डोळा तर दुखला नाही’ ही तक्रार म्हणूनच खरी असते. न दुखणे हेच या रोगाचे लक्षण आहे.

भारतात चाळिशीपुढच्या वयोगटात सुमारे १ कोटी १२ लाख काचबिंदूचे रुग्ण असावेत, असा अंदाज २०१० मध्ये नेत्रतज्ज्ञांनी मांडला होता. त्याहून बोचरी बाब म्हणजे तमिळनाडूतील पाहण्यांत ज्यांना हा आजार असल्याचे आढळले, त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना त्याचा पत्ताच नव्हता.

सगळेच काचबिंदू जाळीच्या म्हातारपणामुळे होतात असेही नाही. डोळ्यातील भिंग जन्मभर जाड होत राहते आणि परितारिकेला पुढे रेटते. वर उल्लेखिलेल्या नेब्रास्काच्या अभ्यासात पुढच्या पोकळीचे आकारमान तरुणांत २४७ मायक्रोलिटर होते, ते ज्येष्ठांत १६० वर आले होते. ज्यांचा डोळा मुळातच लहान, त्यांच्यात परितारिका जाळीवर जाऊन झाकण घालते. जाळी धडधाकट असते, पण पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही. हा बंद कोनाचा काचबिंदू. तो आशियात तुलनेने अधिक आढळतो. कधी तो अचानक उसळतो : डोळा लाल, असह्य वेदना, उलट्या, दिव्यांभोवती रंगीत वलये. अशा वेळी रुग्णाला पोटाच्या डॉक्टरांकडे नेले जाते आणि मोलाचे तास वाया जातात. परितारिकेला लेसरने छोटेसे भोक पाडणे किंवा भिंगच काढणे, हे त्यावरचे इलाज.

थेंब, लेसर आणि शीर्षासन

जाळीवर वयाच्या आधीच म्हातारपण लादणारी एक गोष्ट माणसाच्या हातात आहे. ती म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. डोळे लाल झाले, खाज सुटली की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणायचे आणि आराम पडतो म्हणून महिनोन् महिने घालत राहायचे, ही सवय घरोघरी आहे. या थेंबांत अनेकदा डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. त्यामुळे जाळीच्या पेशींचा सांगाडा आवळला जातो आणि त्यांच्याभोवती गाळ साचतो. साधारण तीनांपैकी एका माणसाचा दाब स्टेरॉइडने काही प्रमाणात वाढतो, आणि शंभरातल्या चार-सहा जणांचा तर धोकादायक पातळीवर जातो, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. ॲलर्जीने डोळे चोळणारी शाळकरी मुले याला हमखास बळी पडतात. औषध वेळीच थांबवले तर दाब बहुधा उतरतो. उशीर झाला तर उतरत नाही. वैद्यकीय सल्ल्याने घेतलेले स्टेरॉइड अनेक आजारांत अपरिहार्य असते, ते आपण होऊन बंद करू नये. डोळ्याचा दाब मात्र अधूनमधून मोजून घ्यावा.

उपचारांचा इतिहास पाहिला तर एक गमतीची गोष्ट दिसते. दुखणे जाळीचे, पण कितीतरी वर्षे औषधे मात्र इतरत्र काम करीत राहिली. एकोणिसाव्या शतकातील पिलोकार्पिनने स्नायू आवळून जाळी बाहेरून ताणली. १९७८ पासून अमेरिकेत वापरात आलेल्या टिमोलॉलने नळच बारीक केला. १९९६ मध्ये आलेल्या लॅटॅनोप्रॉस्टने पाण्याला प्रामुख्याने स्नायूतील दुसऱ्या वाटेने वळवले. दाब उतरला, लाखोंची नजर वाचली, पण जाळीपर्यंत कोणी थेट गेले नाही. उलट जाळीतून जाणारे पाणी कमी झाल्याने ती आणखी सुस्तावते की काय, अशी शंका काही तज्ज्ञ घेत आले आहेत. जाळीच्या पेशींचा आवळलेला सांगाडा सैल करणारी औषधे फार उशिरा आली. जपानमध्ये २०१४ साली रिपासुडिल आणि अमेरिकेत २०१७ च्या अखेरीस नेटारसुडिल यांना मान्यता मिळाली. आता ही औषधे भारतातही मिळतात. त्यांनी डोळे लाल होतात, ही मात्र रुग्णांची नेहमीची कुरकुर.

लेसरने हे काम काहीसे आधी केले. १९७९ मध्ये जेम्स वाइज आणि स्टॅन्टन विटर यांनी जाळीवर आर्गन लेसरचे बारीक डाग देऊन दाब उतरवता येतो हे दाखवले. जाळी भाजल्याने ती ताणली जाते आणि फटी उघडतात, असे आरंभी वाटले होते. पुढे १९८९ मध्ये पोर्टलंडमधील टेड अकॉट आणि सहकाऱ्यांना दिसले की लेसरनंतर जाळीच्या पुढच्या कडेच्या पेशी विभागू लागतात आणि नव्या पेशी भाजलेल्या जागी जाऊन बसतात. झोपी गेलेल्या सफाई खात्यात नवी भरती व्हावी तसे हे झाले. १९९० च्या दशकात मार्क लॅटिना यांनी विकसित केलेला नवा लेसर केवळ रंगद्रव्य असलेल्या पेशींना लक्ष्य करतो आणि जाळी भाजत नाही. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीलाच हा लेसर घेतलेल्यांपैकी चौघांमागे जवळपास तिघांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. काही मिनिटांचा हा उपचार असतो, भूल म्हणून थेंब पुरतात. त्याचा परिणाम काही वर्षांनी ओसरतो, पण तो पुन्हा करता येतो. रोज ठरल्या वेळी थेंब घालणे ज्येष्ठांना किती अवघड जाते हे ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना या आकड्याचे मोल सांगायला नको.

जाळी अगदीच निकामी झाली तर तिला वळसा घालून पाणी बाहेर काढणारी ट्रॅबेक्युलेक्टमी ही शस्त्रक्रिया असते. केंब्रिजचे जॉन केर्न्स यांनी ती १९६८ मध्ये मांडली आणि आजही ती केली जाते. अलीकडे जाळीत मिलिमीटरभर लांबीची धातूची नळी बसवून थेट श्लेमच्या नळीत वाट काढण्याचे तंत्रही आले आहे. यांपैकी काहीही केले तरी मेलेली चेता परत येत नाही, उरलेली वाचते. जाळीत नव्या पेशी पेरण्याचे, थकलेल्या पेशी वेचून काढण्याचे प्रयोग प्राण्यांवर चालू आहेत. दवाखान्यात विचारावे असे त्यात अजून काही नाही.

आहार, व्यायाम, डोळ्यांचे व्यायाम यांनी जाळी तरुण होते, असे सांगणाऱ्या जाहिरातींची कमतरता नाही. त्यांना आधार नाही. चालण्यासारख्या व्यायामाने दाब थोडा उतरतो, हे खरे. मात्र एका आसनाबद्दल सावध राहिले पाहिजे. चेन्नईत ७५ योगसाधकांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीर्षासनाच्या वेळी डोळ्यांचा दाब जवळजवळ दुप्पट झाल्याचे आढळले. डोके खाली गेले की नेत्रजल ज्या शिरांत उतरायचे त्या शिरांमध्येच रक्त दाटते. भरतीच्या वेळी गटाराचे पाणी समुद्रात जात नाही तशी गत होते. आसन सोडल्यावर दाब उतरतो आणि निरोगी माणसाला त्याने अपाय होतोच असे नाही. पण काचबिंदू झालेल्यांनी शीर्षासन आणि डोके खाली करण्याची तत्सम आसने नेत्रतज्ज्ञांना विचारल्याखेरीज करू नयेत.

चाळिशीनंतर चष्मा लागतोच, आणि तो बहुतेक जण चष्म्याच्या दुकानातील यंत्रावर नंबर काढून घेतात. त्या यंत्राला जाळी दिसत नाही. खरे तर साध्या डोळ्यांनी ती डॉक्टरांनाही दिसत नाही, कारण कोनातून येणारा प्रकाश पारपटलावरून आतच परावर्तित होतो. त्यासाठी डोळ्यात बधिरतेचा थेंब घालून छोटे आरसे बसवलेले भिंग बुबुळावर टेकवावे लागते. या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात. कोन उघडा आहे की बंद, जाळीवर रंगद्रव्य किती साचले आहे, हे तिच्यातच कळते. गर्दीच्या दवाखान्यात ती अनेकदा राहून जाते. तेव्हा दाब मोजला, दृष्टिचेतेचे टोक पाहिले, तसा कोनही पाहिला का, हे रुग्णाने स्वतःहून विचारायला हरकत नाही. घरात कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट न पाहता, आणि तो ज्याच्यात नव्याने आढळला त्याने आपल्या भावाबहिणींना त्याच आठवड्यात फोन करून ही तपासणी करून घ्यायला सांगावे, असे नेत्रतज्ज्ञांचे सांगणे आहे.